थोरलीला कोणी काय घातलं

सकाळी घुम्या टाक्यांकडे गेला तेव्हा त्याला वास आला, आणि वास आला म्हणूनच तो थबकला.

खरं तर वास तिथे बारा महिने असायचा. भाजीबाजारातला पाला, मक्याची वाळकी ताटं, ज्यूसच्या कारखान्यातला चोथा, कुणाच्या बागेतलं कापलेलं गवत, असं सगळं यंत्रात कुटून, पाण्यात कालवून दोन टाक्यांच्या पोटात जायचं. आत हवा नाही, उजेड नाही. तिथे ते कुजायचं आणि त्याचा गॅस व्हायचा. तो गाळून, दाबून सिलिंडरांत भरला की त्यावर शहरातल्या टॅक्सी चालायच्या आणि चिनी मातीच्या कारखान्याची भट्टी पेटायची. उरलेलं पाणी खत म्हणून शेतांना जायचं, आणि जे तंतू कुजायला नकार द्यायचे त्यांचे दाबून पुठ्ठे व्हायचे. पन्नाशीला टेकलेल्या घुम्याचं सगळं आयुष्य या वासात गेलं होतं, त्यामुळे त्याला तो येतच नसे. आजचा वेगळा होता. आंबट, नाकाच्या मुळाशी झोंबणारा.

मोठ्या टाकीच्या वरच्या नळीतून तपकिरी फेस बाहेर पडून भिंतीवरून ओघळत होता. त्याने खालचा तपासणीचा बर्नर पेटवून पाहिला. काडी विझली. दुसरी लावली. निळी ज्योत दिसते न दिसते तोच गेली.

थोरली बंद पडली होती.

मोठी टाकी ती थोरली आणि मागाहून बांधलेली ती धाकटी, ही नावं तात्यांची, घुम्याच्या वडिलांची. धंदा तात्यांनीच उभा केला होता, एका हातगाडीवर सालपटं गोळा करण्यापासून. दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तात्या अंगणातून ओरडले होते, "थोरलीला आज काही घालू नका रे, कालचंच पचलं नाही तिला," आणि स्वयंपाकघरात जेवायला बसलेल्या वहिनीचा घास हातातच राहिला होता. तात्यांना जाऊन सात-आठ वर्षं झाली तरी हा किस्सा घरात चवीने सांगितला जायचा.

बिट्टी आली ती बूट चढवतच. ही दादाची एकुलती एक मुलगी. जंतूंचं शास्त्र शिकून ती बापाची इच्छा डावलून काकाच्या हाताखाली कामाला लागली होती. तिने थोरलीच्या तळाची तोटी सोडून भांडंभर राड घेतली, कागदाची पट्टी बुडवली आणि काकासमोर धरली. रोज हिरवी होणारी पट्टी पिवळी पडली होती.

"पोट बिघडलंय हिचं," ती म्हणाली. "आम्ल झालंय नुसतं. काका, परवा आपण निघालो तेव्हा कशी होती?"

"बरी होती."

"मग दोन दिवसांत काय झालं?"

 दोघं पंपाचा दांडा कातून आणायला दूरच्या वर्कशॉपमध्ये गेली होती ती काल दिवेलागणीला परतली. येताना बाहेरूनच त्याने थोरलीच्या भिंतीवर हात ठेवून पाहिला होता. ऊब ठीक होती. मीटर पाहिलं नाही, कारण घरात माणसं जमली होती आणि जेवणं खोळंबली होती. माणसं जमली होती ती आजच्यासाठी. आज दुपारी धंदा घेऊ पाहणाऱ्या कंपनीचे लोक येणार होते, सगळं नजरेखालून घालणार होते आणि मग कागदावर सह्या. दादाला धंदा विकायचा होता. घुम्याला विकायचा नव्हता, पण घुम्याचं मत एक आणि बाकीची तीन, असं महिन्यापूर्वीच झालं होतं.

दादा जिना उतरून आला तो हाशहुश करतच. त्याला हल्ली दम लागायचा. त्याने फेस पाहिला, विझलेला बर्नर पाहिला आणि मग बराच वेळ घुम्याकडे पाहिलं.

"तू केलंस?" त्याने हळू आवाजात विचारलं.

घुम्या काही बोलला नाही. असा प्रश्न आला की त्याच्या आत सगळे शब्द एकदमच दाराशी येऊन अडकायचे, लहानपणापासून. नाव त्यावरूनच पडलेलं. आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ या घरात नेहमी होकार असाच घेतला गेला होता.

"बाबा, काका माझ्याबरोबर होता," बिट्टी म्हणाली.

"काल रात्री नव्हता," दादा म्हणाला, आणि वळून जिना चढू लागला. मध्ये दोनदा थांबला.

*

वहिनीला ही बातमी स्वयंपाकघरात कळली. दादा पाण्याचा पेला हातात घेऊन सांगत होता की घुम्याने सूड उगवला, ऐन आजच्या दिवशी, आणि आता त्या लोकांना काय दाखवायचं. वहिनी ओट्याकडे तोंड करून कांदा चिरत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचं की कसलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

परवा दुपारी ज्यूसच्या कारखान्यातून फोन आला होता. दादा झोपला होता म्हणून तिनेच घेतला. त्यांच्याकडे चोथा साचला होता, उचलता का म्हणून विचारत होते. ती म्हणाली, पाठवा. एरवी तिने घुम्याला विचारलं असतं. पण तो नव्हता, आणि तिच्या मनात आलं की कंपनीचे लोक येणार, तेव्हा मीटरचा काटा जरा वर असला तर बरं. दोन ट्रक आले. मालकीणबाईंनी सांगितलं म्हणून कामावरच्या माणसांनी दोन्ही ट्रक थोरलीत माल जातो त्या हौदात रिकामे केले.

आणि काटा वर गेलाही होता. काल दुपारी दादा मीटर पाहून आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "बघ, निघायची वेळ आली तर म्हातारी कशी धावायला लागली," असं तो हसत म्हणाला होता. कितीतरी महिन्यांनी हसला होता. तेव्हा तिने चोथ्याचं सांगितलं नाही. त्याला वाटतंय की टाकीने आपणहून केलं, तर वाटू दे.

आता तिच्या डोक्यात दोन विचार एकमेकांवर आपटत होते. चोथा तर नेहमीच घालतात, चोथ्याने टाकी कशी बिघडेल? आणि चोथ्याने नाही बिघडली, तर घुम्या भावजींनीच काही केलं का? ते असं करणारे नव्हेत. पण मग आपण का बोलत नाही? नवरा दम खात घुम्याच्या नावाने बोलत होता आणि ती मिठाची गुळणी धरून उभी होती.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "जेवताना बोलू ना सगळे मिळून."

"काय बोलायचंय त्यात," दादा म्हणाला आणि पेला आपटून गेला.

माडीवरच्या खोलीत ताई सगळं ऐकत होती. ताई मधली, दादाच्या पाठची आणि घुम्याच्या आधीची. ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची आणि या बैठकीसाठी रजा काढून आली होती. लहानपणी दादा आणि घुम्याचं भांडण झालं की ती डोळे झाकून घुम्याच्या बाजूने असे. या वेळी तिने दादाच्या बाजूने मत दिलं, तेव्हा घुम्याने तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू तिने अनोळखी भाषेत काही म्हटलं असावं.

तिला ते त्याच्यासाठीच हवं होतं. टाक्यांशेजारच्या एका खोलीत, एका कॉटवर, रात्री उठून तोट्या तपासत याचं वय चाललंय. लग्न नाही, प्रवास नाही, पंपाच्या आवाजात फरक पडला की जेवण सोडून धावतो. टाक्या गेल्या तर तो नाइलाजाने का होईना, उंबरा ओलांडेल, असा तिचा हिशेब होता. तो तिने कुणाला सांगितला नव्हता. घुम्याला तर नाहीच, कारण त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मी मजेत आहे, आणि तिला त्याचं काय उत्तर द्यायचं ते कळलं नसतं.

म्हणूनच ती येताना खाऊच्या कारखान्यातला खराब झालेला साखरेचा पाक घेऊन आली होती. तिथे तिची मैत्रीण होती. गाडीच्या मागे बसतील तितके डबे. पाक आत गेला की गॅस चटकन होतो, हे तिला माहीत होतं. चटकन होतो आणि मग काय होतं, हे ती कधीतरी शिकली होती, पण आता आठवू म्हटलं तर आठवत नव्हतं. काल सकाळी तिने माणसांना सांगितलं, हे ओता. ताईंनी सांगितलं म्हणून त्यांनी ओतलं. गॅस वाढला तेव्हा तिला वाटलं, आपला पाक.

*

ताटं वाढली आणि सगळे बसले. आई टोकाच्या खुर्चीवर. तिला ऐकू कमी यायचं असं घरात समजलं जायचं. ते किती खरं हे बिट्टीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. घुम्या हात धुऊन उशिरा आला आणि दारापाशीच्या खुर्चीवर बसला.

दादाने वेळ घालवला नाही. आपण घरातले आहोत, म्हणून बाहेर काही जाणार नाही. पण घुम्याने एवढंच सांगावं की त्याने काय घातलं, म्हणजे निदान दुपारपर्यंत काही उपाय करता येईल. मत पटलं नाही तर भांडायचं होतं, टाकीवर राग काढायचा नव्हता. असं तो एका दमात बोलला आणि मग त्याला ठसका लागला.

घुम्याने ताटातला घास इकडचा तिकडे केला.

"मी विचारते," बिट्टी म्हणाली. "काकाला नाही, सगळ्यांना. काल आणि परवा थोरलीला कोणी काय घातलं?"

 वहिनी, आपल्या ताटाकडे बघत, म्हणाली, "मी चोथा मागवला होता. दोन ट्रक."

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो काही म्हणणार तोच ताई म्हणाली की तिनेही पाक ओतायला लावला होता, डबे अजून शेडच्या मागे आहेत. तिने ते अशा आवाजात सांगितलं की जणू प्रयोगशाळेत कुणाला तरी वाईट निकाल कळवतेय.

"किती पाक, आत्या?"

ताईने किती ते सांगितलं. बिट्टीने डोळे मिटून घेतले. साखर आत गेली की जंतूंची एक जात तिचं भराभर आम्ल करते, आणि दुसरी जात त्या आम्लाचा गॅस करते. पहिली जात धावते, दुसरी चालते. एकदम फार घातलं की आम्ल साचतं आणि चालणारी जात त्यातच मरते. आधी गॅस वाढतो. मग सगळं थांबतं. हे तिने घाईघाईने समजावलं आणि म्हणाली, "पण एवढ्यानेही थोरली इतकी बिघडायला नको होती. ती केवढी मोठी आहे. अजून काहीतरी आहे."

"रात्रपाळी," घुम्या म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा हा चौथा-पाचवा शब्द असेल. "कुटायचं यंत्र गरम होतं. काल आलो तेव्हा."

आता सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यावरचं सगळंच ओसरलं. परवा रात्री आणि काल दिवसभर यंत्र चालू ठेवायला त्यानेच सांगितलं होतं. शेडमध्ये पडून असलेली सगळी भाजी आणि कणसं आत ढकला, लोक येतील तेव्हा शेड स्वच्छ दिसली पाहिजे, असं. काटा वर गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, ही आपली हुशारी. बायकोला मात्र तो म्हणाला होता की टाकी आपणहून धावते आहे, कारण तसं म्हणायला बरं वाटत होतं.

"म्हणजे," वहिनी म्हणाली, "ज्यांना विकायचंय त्यांनीच..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. ज्या तिघांना सौदा व्हायला हवा होता त्या तिघांनी मिळून, एकमेकांपासून लपवून, टाकीला खाऊ घालून घालून आजारी पाडलं होतं. आणि ज्याला सौदा नको होता त्याने काहीच केलं नव्हतं.  घुम्याची माफी कुणी मागितली नाही. वहिनीने मात्र त्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं, आणि ताईने पाण्याचा तांब्या उगाच त्याच्याकडे सरकवला.

आई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. तिचं जेवण थांबलं होतं.

मग नवा गोंधळ सुरू झाला. लोकांना काय सांगायचं? वहिनी म्हणाली खरं सांगा, टाकी आजारी आहे, महिन्याभरात बरी होईल. दादाला ते पटेना. आजारी टाकी कोण घेईल? ताई आधी दादाच्या बाजूने बोलली, मग वहिनीच्या, मग म्हणाली मला कळत नाही. बिट्टीला मुळात विकायचंच नव्हतं, पण खोटंही चालणार नव्हतं, आणि या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या हे तिला सुचत नव्हतं. दादाचा हात टेबलावर होता आणि तो थरथरत होता. त्याने तो मांडीवर घेतला.

"धाकटीचा गॅस फिरवतो," घुम्या म्हणाला. "एक तोटी सोडली की थोरलीच्या मीटरमधून जाईल. काटा हलेल. ज्योतही दिसेल."

ताईच्या हातातला चमचा खाली पडला. बिट्टी म्हणाली, "काका, तुला काय झालंय?"

काय झालंय ते घुम्यालाही सांगता आलं नसतं. त्याला धंदा विकायचा नव्हता, अजूनही नव्हता. पण तो थरथरणारा हात त्याने पाहिला होता, आणि दादाचा हात कधी थरथरलेला त्याच्या आठवणीत नव्हता. दादाने मान हलवली, आभार न मानता. इतका तो बुचकळ्यात पडला होता.

*

कंपनीकडून एक बाई आणि एक इंजिनिअर आले. बाईंचे बूट नवे होते, पण त्या चिखलातून नीट पाय टाकत चालत होत्या, नाकाला रुमाल लावत नव्हत्या. दादाला हे लगेच दिसलं. लोक नाकाला रुमाल लावतात की नाही हे तो आयुष्यभर आधी पाहत आला होता.

शाळेत त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. तात्या सालपटांची गाडी घेऊन शाळेवरून जात तेव्हा मुलं नाकं धरून त्याच्याकडे बघत. घरी येऊन तो साबणाने हात इतके घासायचा की कातडी सोलवटायची. घुम्याला याचं कधी काही वाटलं नाही, तो शाळेतच कमी गेला. पण दादाने तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या मुलाबाळांच्या कपड्यांना हा वास येणार नाही. आणि त्याची मुलगी शिकूनसवरून येऊन त्याच राडीत बूट घालून उभी राहिली होती. हे त्याला कधीच समजलं नव्हतं. विकणं म्हणजे त्याच्या मते हा सगळा वास एकदाचा धुऊन टाकणं.

बाईंनी फाटकाची रुंदी विचारली. ट्रक वळायला जागा किती. बाजाराशी, ज्यूसच्या कारखान्याशी, शेतकऱ्यांशी करार किती वर्षांचे आणि ते कंपनीच्या नावावर होतील का. शेडचं छत किती उंच. दादा उत्तरं देत होता आणि मनातल्या मनात मीटरकडे जायची वाट बघत होता. तिथे घुम्या तोटीवर हात ठेवून उभा होता. ज्योत छान निळी लागली होती. बाई बोलत बोलत तिच्यावरून पुढे निघून गेल्या.

"मीटर बघायचं नाही का?" दादाने विचारलं.

"त्याची गरज नाही," बाई म्हणाल्या. आवाजात उर्मटपणा नव्हता. "टाक्या आम्ही काढणार आहोत. इथे फक्त माल जमा करून, गठ्ठे बांधून आमच्या मोठ्या प्रकल्पावर पाठवायचा. तुमच्याकडे माल येतो, ते खरं मोलाचं. मसुद्यात आहे तसं."

इंजिनिअरने थोरलीच्या भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला की पाडायला फार त्रास होणार नाही.

दादाने मसुदा वाचला होता. टाक्यांबद्दल त्यात काहीतरी होतं, पण त्याला वाटलं होतं की नव्या बांधतील, मोठ्या. आपलंच काम, दुसऱ्या कुणाच्या हातून, आणखी मोठं. गठ्ठे बांधायची जागा असं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आता तो जे ऐकत होता ते तर त्याला हवं होतं तेच होतं. वास जाणार. टाक्या जाणार. मग आपल्याला हे काय होतंय? त्याला राग आला होता. कुणाचा, हे त्याला कळत नव्हतं. बाईंचा नक्की नव्हता.

त्याने घुम्याकडे पाहिलं. घुम्याने ऐकलं होतं. त्याने तोटी बंद केली, ज्योत विझली, आणि तो धाकटीकडे गेला. बाईंचं तिकडे लक्षही नव्हतं.

कचेरीत कागद टेबलावर मांडले गेले. दादाने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सगळे उभे होते.

"आज नको," तो म्हणाला.

बाईंनी कारण विचारलं. त्याने कागद गोळा करून त्यांच्यापुढे सरकवले. त्या समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या की घाई नाही असं त्यांना म्हणता येणार नाही, कारण दुसरी एक जागा पाहिलेली आहे आणि दोघांपैकी एकच घ्यायची आहे. आज इथे झालं नाही तर उद्या तिथे होईल. दादा म्हणाला, समजलं. त्या गेल्या, तेव्हा फाटक बंद करायलाही कुणी पुढे झालं नाही.

*

ऊन उतरलं तरी घरातला गोंधळ उतरला नव्हता. ताई दादावर चिडली होती. महिनाभर विकायचं विकायचं म्हणून सगळ्यांना आपल्या बाजूला वळवलं, तिला घुम्याशी वाकडं घ्यायला लावलं, आणि ऐन वेळी हा म्हणतो आज नको. वहिनी दादाच्या बाजूने बोलू लागली आणि मध्येच थांबली, कारण दादाची बाजू कोणती हेच तिला माहीत नव्हतं. बिट्टीने बापाला मिठी मारली होती, आणि दादाने तिला बाजूला केलं होतं, रागाने नाही, गोंधळून.

सगळ्यांत घाबरला होता घुम्या. त्याला हवं होतं ते झालं होतं. पण आता थोरली बरी झाली नाही तर? काल विकायचं होतं तेव्हा टाकी दादाची होती. आता ती त्याच्यावर आली होती, आणि भट्टीवाल्यांना उद्या सिलिंडर कुठून द्यायचे हे त्याला ठाऊक नव्हतं.  त्याने धाकटीपासून थोरलीपर्यंत पाइप टाकायला घेतला. धाकटीच्या पोटातली चांगली राड थोडी थोडी थोरलीत सोडायची, आम्ल मारायला चुना, आणि वरून खायला काही नाही. मग वाट बघायची.

आई पायरीवर येऊन बसली होती. ती दुपारपासून कुणाशी बोलली नव्हती. जेवताना सगळ्यांनी आपापलं सांगितलं होतं आणि कुणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, कारण म्हातारीने काय घातलं असणार. सगळे अंगणात जमलेले पाहून ती म्हणाली, "मीही ओतलं."

बिट्टी तिच्याजवळ बसली. "काय ओतलंस, आजी?"

"फिनेल. बाटलीभर. काल पहाटे, हौदात." तिने पदर सारखा केला. "त्याने किडे मरतात. तूच सांगितलं होतंस, आत किडे असतात आणि तेच काम करतात. म्हटलं मरू देत. टाकी बंद पडली तर ती माणसं परत जातील."

 ताईच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते हाताने दाबलं. दादा आईकडे बघत राहिला. महिन्यापूर्वी, मतं घेतली तेव्हा, पहिलं मत आईने दिलं होतं, विकायच्या बाजूने. तू म्हणशील तसं, असं ती म्हणाली होती.

घुम्या पाइप खाली ठेवून जवळ आला. तो आईपुढे उकिडवा बसला आणि तिला अगदी हळुवारपणे समजावू लागला की टाकीत ट्रकच्या ट्रक माल असतो, त्यात एक बाटली म्हणजे काहीच नाही. तिच्यामुळे काही बिघडलेलं नाही. तिने मनाला लावून घेऊ नये. इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

आईचा चेहरा मात्र उतरला. "काहीच नाही झालं?"

"काही नाही, आई."

"थोडंसुद्धा?"

"नाही."

तिला वाईट वाटलं होतं. दिवसभर तिने ते ओझं बाळगलं होतं, आपण आपल्या नवऱ्याची टाकी मारली म्हणून, आणि त्या ओझ्यात कुठेतरी अभिमानही होता. आयुष्यात एकदा तिने कुणाला न विचारता काही केलं होतं आणि ते टाकीला कळलंसुद्धा नव्हतं. "मग चांगला डबाच ओतायला हवा होता," ती पुटपुटली.

दादा तिच्या शेजारी पायरीवर बसला. बसताना त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजला. "तुला विकायचं नव्हतं," तो म्हणाला, "तर मग हो का म्हणालीस?"

"तू विचारलंस म्हणून."

"म्हणजे?"

"यांनी कधी विचारलं नाही. धाकटी बांधली तेव्हा मला कळलं खड्डा खणल्यावर. तूही कधी विचारलं नाहीस. त्या दिवशी समोर बसून म्हणालास, आई, तुझं काय मत आहे." ती जरा थांबली. "इतकं बरं वाटलं, की तोंडून हो निघून गेलं. खोलीत गेल्यावर वाटलं, आपण हे काय म्हणालो."

वहिनी मान फिरवून फाटकाकडे बघू लागली. ताई आता हसत नव्हती.  महिनाभर दादा ज्या मताच्या जोरावर उभा होता, ते मत म्हणजे एका म्हातारीला झालेला आनंद होता. यात चूक कुणाची, की कुणाचीच नाही, आणि आता माणसाने हसावं की काय करावं, हे तो शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं.

टाक्यांकडून बिट्टीने हाक मारली की पाइप जोडला, सोडू का. घुम्या उठला. जाताना त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला, तिथे तो राडीने ओला उमटला, आणि दादाने तो पुसला नाही.

"ती माणसं तर गेली," दादा आईला म्हणाला. "थोरली बरी होईल, नाही होईल. माझ्याने आता पूर्वीसारखं होत नाही. हे पुढे चालवायचं, की दुसरं कुणी गिऱ्हाईक बघायचं, की घुम्या आणि बिट्टीच्या हाती देऊन मी बाजूला व्हायचं, मला काहीच कळत नाहीये. तुझं काय मत आहे?"

आईने तोंड उघडलं. या वेळी हो म्हणण्यासारखं काही नव्हतं आणि नाही म्हणण्यासारखंही. तिने टाक्यांकडे पाहिलं, पाइपावर वाकलेल्या त्या दोघांकडे पाहिलं, मग मुलाच्या खांद्यावरच्या त्या ओल्या पंजाकडे.

"लगेच नको विचारूस," ती म्हणाली. "मला विचार करू दे."

"बरं."

दादा उठायला लागला. तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"इथेच बस," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."